मनूआत्याचं नख

गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलं. मी काही पराक्रम करत नव्हते. शालीची घडी घालत होते, तिच्या एका धाग्यात नख अडकलं आणि टोकापासून थेट आतपर्यंत चीर गेली. साठीनंतर शरीर असे छोटे छोटे राजीनामे देऊ लागतं. केस, दात, गुडघे यांची लोक निदान चौकशी तरी करतात. नखाची कुणी करत नाही आणि आपणही सांगत नाही. नख तुटलं, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट झाली?

मनूआत्याला मात्र ती सांगावी लागली होती. तीही भर पंगतीत.

आमचं गाव अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या होत्या; आता त्यातल्या निम्म्यांवर ‘वाडी’ नावाची रिसॉर्टं आहेत. बँकेतून निवृत्त होऊन मी मुंबईहून इथे परत आले, तेव्हा शेजारच्या घरात पुढे कुलूप होतं आणि मागच्या दोन खोल्यांत मनूआत्या होती. लग्न होऊन ती रोह्याला गेली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. भावाने मागच्या खोल्या दिल्या. पुढे भाऊ-भावजय गेले, भाच्याने पनवेलला फ्लॅट घेतला. घरात आत्या म्हणणारं कुणी उरलं नाही, तोवर ती साऱ्या आळीची आत्या झालेली होती.

स्वतःच्या घरचं असं कार्य तिला आयुष्यात मिळालं नाही. जो काही मान होता तो दुसऱ्यांच्या कार्यातला, आणि तो तिला मिळवून दिला होता तिच्या उजव्या अंगठ्याच्या नखाने.

आमच्याकडे कार्य म्हटलं की वालाचं बिरडं आलंच. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. अंगठ्याच्या नखाने टोकाशी जरा टोचलं आणि चिमटीत दाबलं की आतला दाणा सुळकन बाहेर येतो. ऐकायला सोपं वाटतं. साठ-सत्तर माणसांचं बिरडं सोलायचं म्हणजे आळीतल्या सगळ्या बायका पडवीत चटया टाकून गोल बसणार, मध्ये परात, आणि परातीच्या सगळ्यात जवळ मनूआत्या. हळद लावायला तिला कुणी बोलावत नसे, ओटी भरायला नाही, मुहूर्तमेढीला नाही. विधवेला कुठे उभं करायचं याबद्दल आमच्या गावाचं ज्ञान फार सखोल होतं, आणि शिकलेल्या घरांत ते थोडं अधिकच होतं. परातीपाशी मात्र कुणाची हरकत नव्हती. लग्नघरातली तेवढी एकच जागा तिची होती आणि ती मधली होती.

त्या जागेवर बसून ती राज्य करायची. तिचं नख अर्धचंद्रासारखं, जाड, किंचित पिवळसर, ते कधी चुकत नसे. बोलता बोलता, वर न बघता, तिच्या हातातून दाणे परातीत पडत राहत. दाण्याच्या दोन पाकळ्या सुटलेल्या तिला चालत नसत. तसा दाणा दिसला की तो उचलून ती सोलणारीच्या मांडीवर ठेवायची. बोलायची नाही. माझ्या मांडीवर तिने असे पुष्कळ दाणे ठेवले. एकदा मी म्हटलं, “आत्या, शिजल्यावर सगळं एकच होतं की.” त्यावर ती म्हणाली, “शिजल्यावर माणूसही एकच होतं, नीले. तोवर तरी नीट राहावं.”

नम्रता हा तिच्यात नावाला नव्हता असा गुण. नव्या सुनेचा ती चेहरा बघायची नाही, हात बघायची. एका नवरीची लांब, रंगवलेली, खडे चिकटवलेली नखं बघून तिने शांतपणे विचारलं होतं, “ही धुतेस का पुसतेस?” ती मुलगी रडली आणि तिच्या सासूने दोन वर्षं आत्याशी बोलणं टाकलं. आत्याला त्याचं काही वाटलं नाही. “वालाचं साल आणि माणसाचं तोंड,” ती म्हणायची, “भिजल्याशिवाय सुटत नाही. भिजेल, तेव्हा बोलेल.” आणि पुढच्या बारशाला त्या सासूलाच निरोप पाठवावा लागला.

आळीत भाऊसाहेब म्हणून एक गृहस्थ आहेत. कुठल्याशा खात्यातून उपसंचालक की सहसंचालक म्हणून निवृत्त झाले; दारावरच्या पाटीवर हुद्दा नावापेक्षा लांब आहे. त्यांनी एकदा प्रदर्शनातून वाल सोलायचं यंत्र आणलं, आळीला चहाला बोलावलं आणि श्रमप्रतिष्ठा, स्त्रीशक्ती वगैरे शब्दांनी सुरुवात करून बटण दाबलं. यंत्राने पाच मिनिटांत पातेलंभर चुरा काढला. आत्याने तो चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाली, “हे सोलणं नव्हे हो भाऊसाहेब, ही चकमक झाली.” ते यंत्र अजून त्यांच्या माळ्यावर आहे.

आळीत धुण्याभांड्याला हौसा येते. जवळच्या कोळीवाड्यातली. सकाळी घरोघरची भांडी घासायची आणि दुपारनंतर पाटी डोक्यावर घेऊन मासळी विकायची. नवरा गेल्यापासून आत्या मासळी खात नव्हती, पण हौसाची पाटी आळीत उतरली की सगळ्यात आधी ही तिथे हजर. कल्ले उचलून बघणार, डोळे बघणार, वास घेणार आणि निकाल देणार. हौसा चिडायची. “खायचा न्हाय तर हात कशाला लावता वो आत्या?” आत्या म्हणायची, “खाणाऱ्याला चव कळते. न खाणाऱ्याला ताजेपणा.” रोजचं भांडण, रोजची तीच वेळ. कुणी एक दिवस आली नाही तर दुसरीला करमत नसावं, पण तसं दोघींपैकी एकीनेही कबूल केलं नसतं.

आत्याने सत्तरी ओलांडली आणि नख दगा देऊ लागलं. पहिल्यांदा मला कळलं ते एका मुंजीच्या वेळी. ती परातीपाशी बसली होती, पण बोलत नव्हती. अंगठ्याला चिकटपट्टी होती. विळीने कापलं म्हणाली. पुढच्या महिन्यात एका डोहाळजेवणाला पुन्हा चिकटपट्टी, पुन्हा विळी. आमच्या गावात एवढ्या वेळा कापणारी विळी असली तर लोक दुसरी तरी विकत घेतात. तिच्या हातातले दाणे हळू पडत होते आणि त्यांतल्या काहींच्या पाकळ्या सुटलेल्या होत्या. ते कुणी तिच्या मांडीवर ठेवले नाहीत. सगळ्या जणी आपापल्या हातांकडे बघत सोलत राहिल्या. तो सभ्यपणा मला तेव्हाच आवडला नव्हता.

मग मी तिला अलिबागला डॉक्टरकडे नेलं. त्याने नखं उलटसुलट करून पाहिली, रक्त तपासायला सांगितलं, थायरॉइड बघू म्हणाला. रिपोर्टात सांगण्यासारखं काही निघालं नाही. वयाने नखातला ओलावा कमी होतो, म्हणाला. जन्मभर पाण्यात हात, साबण, राख, सोडा, त्याने नखाचे थर एकमेकांपासून सुटतात, चपातीचा पापुद्रा सुटावा तसे. नखं अगदी बारीक ठेवा. रात्री तेल चोळा. पाण्याचं काम हातमोजे घालून करा. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, “हातमोजे घालून बिरडं सोलता येतं का?” तो तरुण होता, मुंबईचा होता. त्याने विचारलं, बिरडं म्हणजे काय? परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, “मला आजी म्हणाला.”

औषधाच्या बाबतीत आमच्या आळीत कुणी गरीब नाही. कुणी लसणाचा रस सांगितला, कुणी खोबरेल कोमट करून, कुणी एरंडेल, कुणाच्या जावेच्या बहिणीला मुंबईत कसल्याशा गोळ्यांनी गुण आला होता. आत्याने सगळं केलं, फक्त नख बारीक ठेवणं सोडून. नखाला नख म्हणून वाचवायचं तर कापायला हवं होतं. तिला ते हत्यार म्हणून वाचवायचं होतं. डॉक्टर आणि ती वेगवेगळ्या वस्तूबद्दल बोलत होते.

पुढचं मला प्रणालीने नंतर सांगितलं. प्रणाली आमच्याच आळीतली. रिसॉर्टात लग्नं करायला येणाऱ्या नवऱ्यामुलींच्या जिवावर तिचं रस्त्यालगतचं पार्लर चालतं. गणपतीच्या आधी, भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आत्या डोक्यावर पदर घेऊन आत शिरली आणि दार लाव म्हणाली. प्रणालीला वाटलं कुणी गेलं. आत्याने हात पुढे केला. “याला काहीतरी लाव,” म्हणाली. “रंग नको. दिसायला नको. पण धरून ठेवेल असं.”

प्रणालीने बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं, एकावर एक थर देऊन. नख काचेसारखं टणक झालं. आत्याने ते काचेच्या टेबलावर टकटक वाजवून पाहिलं आणि प्रणालीकडून तिच्या आईची शपथ घेतली. पैसे देऊन निघाली, दारातून परत फिरली आणि म्हणाली, “त्या पोरीला मी उगाच बोलले होते.” कोणती पोरगी ते प्रणालीला कळलं नाही. मला कळलं.

गणपतीत भाऊसाहेबांकडे मोठं जेवण असतं. त्या वर्षी तर मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, पुण्याचे व्याही पहिल्यांदाच येणार होते, शाकाहारी, कडक. अंगणात मांडव घालून टेबलं लावली होती, टेबलांवर पांढरे कपडे आणि खुर्च्यांना मागून गुलाबी फिती. मोठी पातेली हौसाने आदल्या दिवशी घासून ठेवली. हरतालिकेच्या दुपारी बायका उपाशीपोटी बिरडं सोलायला बसल्या. चिकटपट्टी नव्हती. आत्याचा हात पूर्वीसारखा चालत होता, तोंडही. तिने कुणाच्या तरी मांडीवर एक दाणा ठेवला आणि सगळ्या हसल्या. त्या दुपारी ती किती खूश होती हे मी पाहिलं. तिच्या नखावर चमक होती, मला ते खोबरेल वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पंगतीला व्याह्यांच्या ताटात, बिरड्याच्या वाटीत, ते निघालं. तूरडाळीच्या दाण्याएवढं, पातळ, किंचित वाकलेलं, आरपार दिसणारं. व्याह्यांनी ते बोटावर घेऊन उजेडाकडे धरलं. ते पुण्याचे असले तरी समुद्रकाठी जेवायला आल्याचं त्यांच्या लक्षात होतं.

“हा खवला आहे का हो?” त्यांनी विचारलं.

एखाद्या दुसऱ्या गावात लोक म्हणाले असते, प्लास्टिक असेल. आमच्याकडे ते कुणाच्या डोक्यातही आलं नाही. दहा माणसं वाकली. जिताड्याचा एवढा पातळ नसतो, एक जण म्हणाला. बोयचा असेल, दुसरा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून गप्प झाला. गणपतीच्या जेवणात मासळीचा खवला. भाऊसाहेबांचा चेहरा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या रंगाचा झाला. त्यांच्या पत्नी, वत्सलावहिनी, मागच्या पडवीकडे गेल्या, कारण पातेली कुणी घासली होती हे सगळ्यांना माहीत होतं.

मागे हौसा खरकट्या भांड्यांपाशी बसली होती. वहिनींनी आवाज चढवला नाही. त्यांच्यासारख्यांना चढवावा लागत नाही. तुझ्या हातांचं निदान आजच्या दिवस तरी भान ठेवायचं होतंस, म्हणाल्या. देवाचं होतं गं. उद्यापासून येऊ नकोस. हौसा उभी राहिली. “न्हाय वो वहिनी, मी आंघोळ करून आलते. नवा काथ्या आनला व्हता,” म्हणाली. एका घरातून गेली की संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीतून जाणार, हे तिला आणि तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

आत्या चुलीपाशी होती. तिने आपला उजवा हात समोर धरला, अंगठा वळवून पाहिला. मग हात पदराला पुसला आणि ती पुढे निघाली. पुरुषांची पंगत बसलेली असताना ती कधी पुढच्या अंगणात गेल्याचं मला आठवत नाही. ती गुलाबी फितींच्या खुर्च्यांमधून चालत व्याह्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. ताटाच्या कडेला ठेवलेला तो तुकडा तिने उचलला आणि आपल्या अंगठ्यावर ठेवला. नखाचा कोपरा जिथून सुटला होता तिथे तो बरोबर बसला.

“व्याहीबुवा, मासळी नाही ही,” ती म्हणाली. “माझं नख आहे. म्हातारपणाने पापुद्रे सुटतात. वरून पॉलिश लावलं होतं, टिकावं म्हणून. भांडी स्वच्छ होती.”

वाढपी हातात भाताचं पातेलं घेऊन तसाच उभा राहिला. व्याही मान खाली घालून म्हणाले, “असू द्या, असू द्या.” आत्या परत फिरली.

मग गुरुजींना फोन झाला. नैवेद्याचं बिरडं वेगळ्या भांड्यात होतं, त्यामुळे देवाला बाधा नाही. पंगतीचं मात्र टाकून द्यावं, असा निर्णय आला. खवला जास्त अपवित्र की नख, यावर दुसऱ्या पंगतीत मांडवात बरीच विद्वत्तापूर्ण चर्चा झाली. मी वाढत होते, ती मला ऐकावी लागली.

मागच्या पडवीत हौसा रडत होती. “कशाला बोललात वो आत्या?” ती म्हणत होती. “मी ऐकून घेतलं असतं. आमाला सवय हाय.”

“मला नाही गं,” आत्या म्हणाली आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

हौसाची कामं टिकली. वहिनींनी तिला साडी दिली. चूक झाली असं म्हणण्यापेक्षा आमच्याकडे साडी देणं सोपं जातं. आत्यालाही कुणी एक शब्द बोललं नाही. उलट सगळे फार प्रेमाने वागू लागले. मार्गशीर्षात एक लग्न निघालं, बोलावणं आलं, ती गेली. पडवीत चटया घातल्या होत्या, परात मध्ये होती आणि भिंतीशी एक खुर्ची ठेवलेली होती. “आत्या, तुम्ही वर बसा,” यजमानीण म्हणाली. “खाली गुडघ्यांना त्रास. तुम्ही नुसतं लक्ष ठेवा.” आपल्याकडे माणसाला बाजूला करायचं ठरलं की आधी खुर्ची देतात. आत्या बसली. खाली गप्पा चालू होत्या, त्यांतलं अर्धंमुर्धं वर पोचत होतं. चहा आला तो तिला पहिला दिला. थोड्या वेळाने कंबर धरली म्हणून ती घरी निघून गेली. त्यानंतरच्या कार्यांची ती वाट बघायची, कोणाकडे तारीख ठरली हे मला विचारायची. तिच्याकडे मात्र सोलणं झाल्यावर डब्यातून बिरडं येऊ लागलं, रांधलेलं, वर खोबरं-कोथिंबीर पेरलेलं. उगाच तुम्हाला त्रास कशाला, असा निरोप बरोबर.

एके सकाळी मी तिच्याकडे गेले तर ती ओट्यावर बसली होती आणि पुढ्यात मूठभर मोड आलेले वाल होते. ती सोलत होती. दाणा फुटत होता, ती तो बाजूला ठेवत होती, दुसरा घेत होती. बाजूच्या वाटीत फुटलेल्यांचा ढीग झाला होता. मला बघून तिने सगळे एकत्र केले, सालांसकट. “असेच शिजवते,” म्हणाली. “खाणारी मीच.”

होळीच्या आधी ती गेली. झोपेत. मी तेव्हा मुंबईत लेकीकडे होते. प्रणालीने फोन केला. परत येईपर्यंत सगळं उरकलं होतं, भाच्याने मागच्या खोल्यांनाही कुलूप लावलं होतं. त्यामुळे मला ती शेवटची दिसते ती मी मुंबईला निघाले त्या दिवशीची.

दुपार होती. मांडव्याची बोट गाठायची होती, रिक्षा दारात उभी होती. निरोप घ्यायला मी मागच्या अंगणात डोकावले. उन्हात आत्या पायरीवर बसली होती आणि खालच्या पायरीवर हौसा. मासळीची पाटी झाकून बाजूला ठेवलेली. शेजारी कोमट पाण्याचं तांब्याचं भांडं. आत्याचा उजवा हात हौसाच्या मांडीवर होता, आणि हौसा नेलकटरने तिची नखं कापत होती, एकेक, अगदी बारीक, कापून झालेल्या नखाला करंगळीने खोबरेल लावत. डॉक्टर सोडला तर त्या हाताला कुणी हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. अंगठ्याचं नख आधीच कापून झालं होतं. आता ते बोट कुणाच्याही बोटासारखं दिसत होतं.

हौसा आपल्या मुलीच्या साखरपुड्याचं सांगत होती. होळीनंतर. आळीतल्या सगळ्यांना सांगणार, पण पहिलं बोलावणं आत्याला.

“मी येऊन काय करू?” आत्या म्हणाली. “माझ्याच्याने आता काही होत नाही.”

“काय करायचा न्हाय,” हौसा म्हणाली. “नुसता यायचा. माझ्या बाजूला बसायचा.”

डोळे मिटून आत्याने तोंड उन्हाकडे केलं होतं. मला रिक्षावाल्याने हाक मारली. हौसाने तिचा उजवा हात उचलून तिच्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “दुसरा द्या.”

आत्याने डोळे न उघडता दुसरा हात पुढे केला.